खोक्याकडे तोंड करून

साल सत्तावन्न. एप्रिलात नवे पैसे आले, पावसाच्या तोंडाशी फ्लूची साथ आली, आणि भाद्रपदातल्या एका सोमवारी सकाळी सुमनताईंनी तपासणीच्या रांगेत माझा डावा हात धरला तो लवकर सोडला नाही. सांगण्यासारखं एवढंच झालं. पिंपरीतल्या इंजेक्शनांच्या कारखान्यात मी बाटल्या भरायच्या खोलीत कामाला होते. त्या खोलीत जाण्याआधी आम्ही बारा बायका हात पुढे करून उभ्या राहायचो, आधी तळवे वर, मग खाली. सुमनताई आमच्या देखरेखीला होत्या. आधी पुण्यात नर्स होत्या म्हणे. त्या प्रत्येकीच्या बोटांवरून अंगठा फिरवत पुढे सरकायच्या, नखं वाढली असली तर तिथल्या तिथे कापायला लावायच्या. त्यांचा अंगठा माझ्या डाव्या हाताच्या शेंड्यांवर आला आणि थांबला. तो दाबल्याचं मला दिसलं. लागलं काहीच नाही.

"हे काय गं?"

"काही नाही बाई. भांडी घासते."

"भांड्यांचे घट्टे मी ओळखते. ते उजव्या हाताला असतात. हे डाव्याच हाताचे आहेत, तेही अगदी शेंड्यांना. आणि या मधल्या बोटाला भेग आहे. करतेस काय तू घरी?"

"गिटार वाजवते."

मागे पर्वती म्हणून एक साताऱ्याकडची बाई उभी होती. ती म्हणाली, "इंदुताई, काय ते? परत एकदा सांगा की, आमालाबी म्हायती हुंद्या." दोघीतिघी नाकातून हसल्या. सुमनताई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. भेगेत जंतू राहतात, लोशनने मरत नाहीत, आत पावडर उघडी असते, हे त्यांनी मला शाळेतल्यासारखं समजावून सांगितलं. मग म्हणाल्या, "हा हात आत चालणार नाही. आजपासून लेबलांवर बस. दिवाळीच्या आधी कायम करायच्या बायकांची यादी वर जाईल. तोवर हात नीट झाला तर नाव घालीन. नाही झाला तर मी काही करू शकत नाही." मी बरं म्हटलं. लेबलांच्या टेबलावर जाऊन बसले आणि दुपारपर्यंत चिकटवत राहिले. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं मला मधूनमधून आठवत होतं. इतरांचं बोलणं ऐकू येत होतं, खळीचा आंबूस वास येत होता, पण हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी नाकाकानांना होत असावं अशी मी बसले होते. तेव्हा मी बहुतेक वेळ अशीच असायचे. गेल्या उन्हाळ्यापासून.

ती गिटार आमच्याकडे आली ती चुकून. आमचे हे, म्हणजे नाव घ्यायचं तर भिमाजी, चिंचवड स्टेशनाजवळच्या इंजिनांच्या कारखान्यात टर्नर होते. देहूरोडला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव व्हायचा, तिथे जायचा यांना नाद होता. गोरे गेले तेव्हा मागे काय काय टाकून गेले होते. एका रविवारी यांनी घडीच्या दोन खुर्च्या, एक कंदील आणि एक वाद्य असा ढीग उचलला. खुर्च्या हव्या होत्या, वाद्य सोबत आलं. यांना वाटलं सतार असेल, कुणीतरी भजनी माणूस विकत घेईल. चाळीत, बाजारात, चिंचवडच्या देवळापाशी, कुणी घेतलं नाही. मग ते खुंटीला टांगलं गेलं. बबनरावांच्या चाळीत आमची एकच खोली होती, त्यामुळे स्वयंपाक करताना, निजताना, वेणी घालताना ते कायम डोळ्यांसमोर असायचं. गेल्या उन्हाळ्यात माझा पाचवा महिना होता तो टिकला नाही. त्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मोशीहून माझं बघायला आल्या आणि राहिल्याच. आठ दिवस निजून होते. नवव्या दिवशी दुपारी आत्याबाई नळावर गेल्या असताना मी उठले, ते वाद्य खुंटीवरून काढलं आणि मांडीवर घेऊन बसले. कसं धरतात ते ठाऊक नव्हतं. मागची बाजू पोटाशी आली. एक तार ओढली.

सूर आधी पोटाला कळला, मग कानाला. लाकूड फार जाड नव्हतं, ते थरथरलं की ती थरथर पातळावरून आत जायची आणि थोडा वेळ तिथेच राहायची. आठ दिवसांत मला काहीच कळत नव्हतं. लोक येत होते, डोक्यावरून हात फिरवत होते, मी तो हात फिरताना बघत होते. ही एक तार मात्र कळली. मी ती परत ओढली. पुढे मग रोजचंच झालं. शिकवायला कोण होतं? माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची त्यांची चाल मी एका तारेवर शोधत गेले. कुठे बोट दाबलं की कुठला सूर येतो हे घर झाडताना सुई सापडावी तसं सापडत गेलं. तारा लोखंडी, बोटं आधी कापली, मग घट्टे पडले, मग शेंड्यांना काही लागेनासं झालं. कामावरून आले की चहा व्हायचा आणि दिवे लागायच्या आधी मी अर्धा तास घेऊन बसायचे. आत्याबाई उंबऱ्यात सुपात तांदूळ घेऊन बसायच्या. त्यांना वाद्याचा राग होता की नव्हता हे मला कधी उमगलं नाही. "डबडं" म्हणायच्या त्याला. एकदा तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "ल्येकरू धरल्यावानी धरतीस त्येला." मी वाजवायची थांबले नाही. त्याही तांदूळ निवडत राहिल्या.

तेव्हा सोमवारी घरी येताना माझ्यापुढे प्रश्न अगदी साधा होता. नोकरी कायम झाली तर पगार वाढणार होता, कारखान्याची दोन खोल्यांची जागा मिळणार होती, आत्याबाईंना भिंतीकडे तोंड करून कपडे बदलावे लागले नसते. आणि गिटार गेली तर दिवसभरात काही कळायची माझी जी एक जागा होती ती गेली असती. दोन्ही मला हवं होतं. चहा देताना यांना मी फक्त अर्धी गोष्ट सांगितली, बोटांची आणि यादीची. दुसरी अर्धी कुठल्या शब्दांत सांगतात ते मला ठाऊक नव्हतं, आजही नाही. हे माझा हात उलटासुलटा करून बघत राहिले, लेथवरचा एखादा पार्ट बघावा तसा. म्हणाले, "मग सोड ना ते वाजवणं. काय आपल्याला बाजा लावून लग्नाला जायचंय?" यांनी चहा संपवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "थांब. रहिमानला विचारतो."

रहिमानभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान पिंपरीच्या बाजारात होतं. आधी देहूरोडला लष्कराच्या वायरलेस वर्कशॉपात होते, तिथेच यांची ओळख झालेली. उंच, जरा पोक आलेला माणूस, कानामागे कायम स्क्रूड्रायव्हर. त्यांची आई खातूनबी दुकानाच्या मागच्या खोलीत राहायची. आम्ही गेलो तेव्हा तिनेच आधी माझा हात मागितला, बघितला, आणि त्याला खोबरेल लावून दिलं. रहिमानभाई म्हणाले, "भिमाजीराव, सोडायचं कशाला? गोरे लोक ही मांडीवर आडवी ठेवून वाजवायचे, मी डोळ्यांनी बघितलंय. बोट तारेला लागतच नाही. लोखंडाची कांडी असते, ती तारेवरून फिरवायची. उजव्या हाताच्या बोटांत तारा छेडायला छल्ले. घट्टा पडायला जागाच नाही." यांनी दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना बिडाच्या तुकड्याची कांडी लेथवर काढून आणली, इतकी गुळगुळीत की तिच्यात खिडकी दिसायची. तारा उचलायला खाली लाकडाची ढपली घातली. मी गिटार आडवी ठेवून वाजवून बघितलं. आवाज निघाला पण बारीक, खाटेच्या पलीकडे न जाणारा. आणि ती मांडीवर निजली होती. पातळाच्या निऱ्यांवर. पोटाला काही येत नव्हतं. चार दिवसांनी तारांच्या ताणाने तिची मान उचलली, सांध्यात फट दिसायला लागली. रहिमानभाईंनी फटीत नख घालून बघितलं. "बुढी आहे बिचारी. असा ताण सोसायची नाही."

"मग विजेची घेऊ," हे म्हणाले. मला आठवतं, हे शब्द म्हणताना यांचा चेहरा उजळला होता. तोवर यांना गिटारीत काडीचा रस नव्हता. वीज म्हटल्यावर ती यांची झाली. त्या आठवड्यात आमच्या खोलीत आणि रहिमानभाईंच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. लोहचुंबक, तांब्याच्या तारेचे वेढे, व्हॉल्व्ह. कलकत्त्याची घ्यावी की मुंबईची, नवी की वापरलेली. माझ्या बोटांसाठी चाललं आहे हे दोघंही विसरले होते, पण प्रेमाने विसरले होते. मी चहा करत होते. आत्याबाई म्हणाल्या, "अरं पर, तिच्या हातात धरायचं हाय न्हवं? तिला तरी इचारा." यावर दोघं मनापासून म्हणाले, "हो हो, तीच निवडणार."

रविवारी आम्ही सकाळच्या गाडीने पुण्याला गेलो. जुनी गिटार गोणपाटात गुंडाळून मी मांडीवर घेतली होती. बदल्यात देऊन काही रक्कम वळती झाली तरच जमणार होतं, हे घरून निघतानाच ठरलं होतं. यांच्या खिशात एकशे दहा रुपये होते आणि त्यातले परतीच्या तिकिटांचे बाजूला काढलेले. खडकीच्या पुढे गाडी सिग्नलला थांबली. मी गोणपाटावरून हात फिरवत होते हे माझ्या लक्षात आलं आणि मी हात काढून घेतला. समोर एक बाई मुलाला पाजत होती. तिने मला विचारलं, "काय हाय वं त्यात?" मी म्हटलं, "वाद्य." ती म्हणाली, "मला वाटलं आजारी हाय कुनी."

कॅम्पातलं ते दुकान अरुंद आणि लांब होतं. दुकानदार पारशी की गोवेकर ते कळलं नाही, मराठी चांगलं बोलायचा. त्याने तीन वाद्यं काढली. पहिली कलकत्त्याची, विजेची, तिच्यासोबत आवाजाची स्वतंत्र पेटी, चकचकीत, कडेला शिंपल्याचं काम. तिची किंमत ऐकून यांनी फक्त मान डोलावली, देवळातल्या मूर्तीला डोलवावी तशी. दुसरी माझ्या गिटारीसारखीच पोकळ, पोटाची, फक्त तारांखाली चुंबक बसवलेला. तिचे पैसे ओढूनताणून झाले असते. मी ती उचलली आणि सवयीने पोटाशी धरली. तार ओढली. तीच थरथर आली, जुन्या गिटारीपेक्षा दाट. थोडा वेळ मी दुकानात नव्हतेच. मग दुकानदार म्हणाला, "ही मात्र बोटांनी दाबून वाजवायची, बाई. आडवी ठेवून कांडीने वाजवलीत तर हिचीही मान उचलेल, चार महिन्यांनी की सहा, एवढंच." आणि तिसरी. तिसरी म्हणजे सागाची फळी होती. आत पोकळी नाही, भोक नाही, पॉलिश केलेली जाड फळी, तिच्यावर सहा तारा आणि चुंबक. हिच्या मानेला काही होणार नव्हतं, कारण हिला मानच नव्हती. पेटी सोबत नव्हती, पण वायर रेडिओच्या मागे लावता येते असं त्याने सांगितलं आणि यांनी ते रहिमानभाईंकडून आधीच पाठ केलं होतं. जुनी दिली तर ही आमच्या पैशांत बसत होती.

"वाजवून बघा," दुकानदार म्हणाला. वायर न लावताच मी तार छेडली. डास कानाजवळून गेल्यासारखा आवाज झाला. मी फळी उभी करून पोटाशी धरली. पुन्हा तार ओढली. काही नाही. पाट धरल्यासारखं वाटलं. दुकानदार सौम्यपणे म्हणाला, "हिच्यात काही ऐकू यायचं नाही बाई. हिचा आवाज पेटीत." हे माझ्याकडे बघत होते. यांनी तोंड उघडलं नाही, खरंच नाही. घाई केली नाही. मी दुसरी घेऊ म्हटलं असतं तर यांनी परतीचं भाडंही तिच्यात घातलं असतं आणि आम्ही चिंचवडपर्यंत चालत आलो असतो, असा तो माणूस होता. मला माझी चार बोटं दिसत होती. गेल्या पंधरा दिवसांत त्यांची साल निघायला लागली होती, खालून नवं गुलाबी कातडं येत होतं. यादी दिसत होती. दोन खोल्या दिसत होत्या. आणि फळीत काही नाही हे मला त्या दुकानात, त्या क्षणी, आजच्याइतकंच स्वच्छ कळलेलं होतं. मी म्हटलं, "हीच." लोकांना वाटतं माणूस फसतो, कुणीतरी फसवतं. मला कुणी फसवलं नाही. दुकानदाराने जुनी गिटार गोणपाटातून काढली, ठोकून बघितली, आणि काउंटरखाली ठेवली. गोणपाट मात्र परत दिलं. परतताना फळी त्याच गोणपाटात यांच्या मांडीवर होती. हे डब्यातल्या दोघातिघांना तिची माहिती सांगत होते.

रहिमानभाईंनी स्वतः जुळवलेला एक रेडिओ आम्हाला वापरायला दिला. मोठं लाकडी खोकं, पुढे जाळीचं कापड. मागे दोन भोकं होती, त्यांत गिटारीची वायर. पुढे एक खटका. "हा मागे ठेवायचा," त्यांनी यांना शिकवलं, "पुढे गेला की स्टेशन लागतं." खोकं खिडकीखाली ठेवलं, कारण दिव्याच्या होल्डरमधून घेतलेली वायर तिथपर्यंतच पोचत होती. मी दुसऱ्या भिंतीशी बसायचे. मध्ये आठ-दहा फूट. मी इथे कांडी फिरवायचे आणि सूर तिथून निघायचा. हे मान्य करायला हवं की कांडीने ओवी जास्त चांगली वाजायची. आईचा गळा जसा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचा तसंच आता होत होतं, पूर्वी बोटांनी ते कधी जमलं नव्हतं. सूर लांब टिकायचा, मोठा यायचा, शेवटच्या खोलीपर्यंत जायचा. शेजारचे म्हणायला लागले, इंदू किती सुंदर वाजवते, इतके दिवस कळलंच नाही. मी ऐकायचे. ती सुंदर वाजवते हे मलाही पटायचं. आपल्याच घरात कुणी पाहुणी उतरली आहे आणि ती वाजवते आहे, असं वाटायचं. माझ्या मांडीवर फळी गार पडलेली असायची. आत्याबाईंनी उंबरा सोडला. त्या सूप घेऊन खोक्याजवळ बसायला लागल्या, माझ्याकडे पाठ करून.

बोटं सुधारली. भेग बुजली. शेंड्यांना आता सगळं लागायचं, गरम कप, सुई, मिठाचा खडा. सुमनताई दर सोमवारी अंगठा फिरवायच्या आणि "येतंय, येतंय" म्हणायच्या. नवरात्रात त्यांनी मला परत आत घेतलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, तोंडाला फडकं, बोलायचं नाही, खोकायचं नाही. बाटली, पावडर, बूच. बाटली, पावडर, बूच. आत इतकी शांतता असायची की बुचांचा आवाज मोठा वाटायचा.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा. यांनी कारखान्यात लेथला हार घातला होता, घरी पक्कड, हातोडी, करवत पाटावर मांडली. आत्याबाईंनी विळी ठेवली. मग म्हणाल्या, "आन् तिचं वाजवायचं?" मी भिंतीशी उभी केलेली फळी आणायला वळले. तोवर आत्याबाई हळदकुंकू घेऊन खोक्यापाशी गेल्या होत्या. त्यांनी जाळीच्या कापडाला लागणार नाही असं, वर लाकडाला बोट टेकवलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. हे म्हणाले, "आये, ते रहिमानचं खोकं हाय." आत्याबाई म्हणाल्या, "कुनाचंबी असू दे. ह्यातनंच येतो न्हवं आवाज? मग हेच की वाद्य." मी फळी पुन्हा भिंतीला टेकवली. आत्याबाईंचं काही चुकलं होतं असं मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं वाटायला निघायच्या आधी, चार-साडेचारच्या सुमाराला चाळीतली माणसं आमच्याकडे यायला लागली. हे सगळ्यांना सांगून आले होते. बबनराव चाळमालक असल्याने खुर्चीवर, लिलावातल्या. बायका जमिनीवर. रहिमानभाई खोक्याशेजारी उभे होते, खातूनबीला आत जागा राहिली नाही म्हणून ती दारात आडवी बसली. मी भिंतीशी फळी घेऊन बसले आणि बघितलं की सगळ्यांची तोंडं खिडकीकडे आहेत. खोलीभर पाठी. अंबाडे, गजरे, टोप्या, बबनरावांच्या मानेवरची घडी. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. आवाज जिकडून येतो तिकडे माणूस तोंड करतो. मी पहिली ओवी वाजवली. पाठी हलल्या नाहीत. कुणीतरी खोक्याला म्हणालं, "वा." मी दुसरी धरली. ती अर्ध्यावर आली असताना खोक्यातून घूं असा घुमारा यायला लागला. यांना ते सहन होईना. हे उठले, चाचपडत पुढचा खटका फिरवला. घुमारा थांबला, आणि खोक्यातून गिटार वाजायला लागली.

माझी नव्हे. कुठल्या तरी स्टेशनवर वाद्यसंगीत लागलं होतं. अशीच कांडीची गिटार, मागे हलका ठेका. माझी कांडी तारेवर फिरत होती आणि डास गुणगुणत होता, तोही फक्त माझ्या कानापर्यंत. मी थांबायला हवं होतं. मी पाठींकडे बघितलं. एकही पाठ वळली नाही. ओवी अर्धी राहिली हेही कुणाला जाणवलं नाही, त्यांना वाटलं नवी चाल धरली. आत्याबाईंचं डोकं डावीकडून उजवीकडे डोलत होतं. हे खोक्याशेजारी उभे होते, हात पाठीमागे बांधून, आणि यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. फक्त रहिमानभाईंना पहिल्या क्षणाला कळलं होतं. त्यांनी पाठींवरून माझ्याकडे बघितलं. त्यांचा हात खटक्यापाशी गेला आणि तिथे थांबला. ते विचारत होते. परत फिरवू का? मी मान हलवली. नको. किती सोपं होतं ते. लाज वाटली नाही. उलट इतक्या दिवसांत प्रथमच सगळं जागच्या जागी आहे असं वाटलं. सूर तिकडे होता, माणसं तिकडे होती, आणि इकडे मी हात हलवत होते. तो तुकडा बहुतेक चार मिनिटं चालला. मी कांडी फिरवत राहिले. दारातून खातूनबी मला बाजूने बघत होती. तिला माझे हात दिसत होते. ती पुढे वाकून अगदी हळू म्हणाली, "हात कायको हिलाती बेटी? दुखेंगे. रख दे." मी कांडी फळीवर ठेवली. हात मांडीवर ठेवले. गिटार वाजत राहिली. तुकडा संपत आला असं कळल्यावर, आता निवेदक बोलणार तेवढ्यात, रहिमानभाईंनी आवाजाचं बटण हळूहळू मागे नेलं. सूर दूर गेल्यासारखा बारीक झाला आणि संपला. मग माणसं माझ्याकडे वळली.

"लई ग्वाड वाजवलंस गं," आत्याबाई म्हणाल्या. "आजच्यावानी कंदी वाजवलं न्हाईस." मी उठून सगळ्यांना पोहे दिले.

दिवाळीच्या आधी यादी लागली, तिच्यात माझं नाव चौथं होतं. जानेवारीत दोन खोल्या मिळाल्या. मी कारखान्यातल्या त्या खोलीत एकतीस वर्षं बाटल्या भरल्या, मग मीही नव्या मुलींचे हात तपासले. सुमनताईंनी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी नाशिकच्या एका बिजवराशी लग्न केलं आणि नोकरी सोडली. दोन-तीन वर्षं संक्रांतीला त्यांचं कार्ड यायचं, मग यायचं थांबलं. पर्वती आमच्यासोबतच कायम झाली, तिच्या मुलाने भोसरीत कारखाना काढला. आत्याबाई त्रेसष्टमध्ये मोशीला गेल्या, तिथेच वारल्या. रहिमानभाईंनी ट्रान्झिस्टर आल्यावर दुकान बंद केलं आणि रहाटणीत लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा सुरू केला, तो त्यांच्या नातवांकडे अजून आहे. खातूनबी फार जगली. बाजारात भेटली की माझी खुशाली विचारायची, माझ्या मुलीला, म्हणजे साठ साली झालेल्या कुंदाला, जवळ घ्यायची. त्या दुपारचा विषय तिने कधी काढला नाही. फळी नव्या जागेत दोन वर्षं भिंतीला उभी होती. मग यांनी मला विचारून तिच्यावरचा चुंबक आणि तारा काढल्या आणि स्वयंपाकघरात डब्यांसाठी ठोकली. साग चांगला होता, वाळवी लागली नाही.

हे नव्याण्णवमध्ये गेले. तोवर घरी कुणी गाणारं-वाजवणारं आलं की हे सांगायचे, आमच्या हिने एका दसऱ्याला गिटार वाजवली होती, सगळी चाळ गप्प बसली होती, तसं मी रेडिओवरसुद्धा पुन्हा कधी ऐकलं नाही. पाहुणे माझ्याकडे बघायचे. शेवटच्या दुखण्यातही, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला यांनी ते सांगितलं. तो माणूस म्हणाला, "मग बाईंनी सोडलं का हो वाजवायचं?" हे माझ्याकडे कुशीवर वळले. मग म्हणाले, "त्याच्यापुढे आता काय वाजवणार?" आणि माझा हात धरून निजले. मी तो सोडवून घेतला नाही. मला बसल्या जागेवरून त्यांची बोटं माझ्या बोटांवर दिसत होती.